वाचलेले अकरा सेकंद

प्रेझेंटेशन शुक्रवारी दुपारी साडेतीनला होतं. चाकणमधल्या एका कारखान्याची कॉन्फरन्स रूम. समोर प्लांट हेड, एचआर आणि अकाउंट्सचे लोक. बाजूला भिंतीला टेकून उभी आमची नऊ जणांची कायझेन टीम. स्क्रीनवर दोन फोटो होते. ‘आधी’च्या फोटोत असेंब्लीची सरळ लांबलचक लाइन, मध्ये मध्ये साठलेल्या मालाचे क्रेट आणि सात माणसं. ‘नंतर’च्या फोटोत घोड्याच्या नालासारखी वळवलेली लाइन, क्रेट गायब आणि पाच माणसं. दर नगामागे अकरा सेकंद वाचले होते. टाळ्या पडल्या. समोसे आले. ग्रुप फोटो निघाला.

त्या अकरांतले चार सेकंद एका ताईंचे होते. त्या कंत्राटी कामगार, लाइनवर तिसऱ्या नंबरच्या जागेवर. बोल्टचा ट्रे त्यांच्या उजव्या हाताला होता आणि बोल्ट आवळायची गनही उजव्याच हातात. म्हणजे दर बोल्टला गन खाली ठेवायची, बोल्ट उचलायचा, लावायचा, पुन्हा गन उचलायची. आम्ही तिघं इंजिनिअर दोन दिवस स्टॉपवॉच घेऊन समोर उभे होतो आणि हे आमच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ताई म्हणाल्या, “सर, डावा हात रिकामाच असतो की. ट्रे इकडं ठेवा ना.”

ट्रे तिकडे ठेवला. चार सेकंद वाचले.

सोमवारी ताई आल्या नाहीत. मी सुपरवायझरला विचारलं. तो माझ्याकडे जरा नवलानेच बघत म्हणाला, “सर, तुम्हीच तर दोन माणसं कमी केलीत. कंत्राटदाराला शनिवारीच सांगितलं.”

मी सहा वर्षांत असे चाळीसेक इव्हेंट घेतले होते. प्रत्येकाच्या शेवटी माणसं कमी झाली असं नाही, पण ‘मॅनपॉवर सेव्हिंग’ हा रकाना प्रत्येक रिपोर्टमध्ये होता आणि तो मीच भरायचो. त्या रकान्यातल्या आकड्याला चेहरा असतो, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. मी बघत नव्हतो. त्या सोमवारनंतर मी या सगळ्या प्रकाराचा इतिहास वाचायला घेतला. हे आलं कुठून, आणि वाचलेल्या सेकंदांचं पुढे काय करायचं याबद्दल ते सुरू करणाऱ्यांनी काही ठरवलं होतं का, एवढंच मला बघायचं होतं.

*

ज्यांनी कायझेन इव्हेंट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक छोटी टीम पाच दिवसांसाठी रोजच्या कामातून मोकळी करतात. तिच्यात त्या लाइनवरचे दोन-तीन कामगार, मेंटेनन्सचा एक, क्वालिटीचा एक, आणि मुद्दाम घेतलेला एक बाहेरचा, ज्याला त्या कामातलं काहीच कळत नाही; कारण बावळट प्रश्न तोच विचारू शकतो. पहिल्या दिवशी शिकवणी. दुसऱ्या दिवशी नुसतं बघायचं आणि मोजायचं. तिसऱ्या दिवशी मशीन, टेबलं, ट्रे हलवायचे. चौथ्या दिवशी चुका निस्तरायच्या आणि नवी पद्धत कागदावर उतरवायची. पाचव्या दिवशी साहेबांसमोर सादर करायचं. तुम्ही आयटीत असाल तर दर दोन आठवड्यांनी ‘रेट्रो’ नावाच्या मीटिंगला बसत असाल. तीही याच घराण्यातली. आणि ज्या कानबान बोर्डावर तुमची तिकिटं सरकतात, तो शब्द टोयोटाच्या कारखान्यातूनच आलेला आहे.

कायझेन हा जपानी भाषेतला अगदी रोजचा शब्द. ‘काय’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगलं. ध्यानधारणेच्या झेनशी त्याचा संबंध नाही, जरी निम्म्या मोटिव्हेशनल स्पीकरांना तसं वाटत असलं तरी. आणि त्याची एक मोठी मुळी जपानात नाही, अमेरिकेत आहे.

1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर अमेरिकेच्या लक्षात आलं, की आपल्याला प्रचंड प्रमाणावर शस्त्रं बनवावी लागणार आणि बनवणारे हात नवखे असणार. पुढे तर अनुभवी पुरुष सैन्यात गेले आणि कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेल्या लाखो स्त्रिया मशीनसमोर उभ्या राहिल्या. तेव्हा सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम काढला. शिकवायचं होतं मुकादमांना, सुपरवायझरांना. कोर्स मुख्यतः तीन: काम शिकवायचं कसं, कामाची पद्धत सुधारायची कशी, आणि माणसांशी वागायचं कसं. दोन-दोन तासांची पाच सत्रं, म्हणजे दहा तासांत एक कोर्स संपला. 1945 मध्ये कार्यक्रम बंद झाला तोवर सोळा लाखांहून जास्त लोक तो पुरा करून गेले होते.

यातल्या दुसऱ्या कोर्सचं खिशात मावणारं कार्ड मी पाहिलं तेव्हा मला जरा हसूच आलं. आम्ही हजारो रुपये घेऊन शिकवतो ते सगळं त्यावर होतं. कामाचे बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला विचारा: हे कशासाठी, कुठे, कधी, कोणी, कसं? नको ते काढा, जमेल ते जोडा, क्रम बदला, सोपं करा. आणि शेवटच्या पायरीत एक सूचना होती, जी आमच्या टेम्प्लेटमध्ये कधी आलीच नाही: ज्याची कल्पना, त्याला श्रेय द्या.

युद्ध संपलं, अमेरिकेत धंदा जोरात चालू लागला आणि हे कार्ड ड्रॉवरमध्ये गेलं. पण जपानवर ताबा असलेल्या अमेरिकन प्रशासनाने तिथली उद्ध्वस्त कारखानदारी उभी करण्यासाठी हेच कोर्स तिकडे नेले. टोयोटाने ते 1951 मध्ये सुरू केले. त्याच सुमाराला एजी टोयोडा आणि शोइची साइतो अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आले होते. तिथली कामगारांच्या सूचनापेटीची पद्धत त्यांनी घरी आणली.

आता इथे थांबायला हवं. कारण मॅनेजमेंटच्या पुस्तकांत ही गोष्ट 1951 पासून सुरू होते, आणि त्याआधीचं एक वर्ष वगळलेलं असतं.

*

1949-50 मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. महागाई आटोक्यात आणण्यासाठी पैशाचा पुरवठा आवळलेला, ट्रक विकले जाईनात, पगार थकले. बँकांनी कर्ज दिलं ते माणसं कमी करण्याच्या अटीवर. कोणालाही काढणार नाही असं आश्वासन आधी युनियनला दिलेलं होतं. 1950 च्या एप्रिलमध्ये संघर्ष पेटला. जूनमध्ये कंपनीचे संस्थापक आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. दीड हजाराहून जास्त कामगारांनाही जावं लागलं. आणि त्याच जूनच्या अखेरीस कोरियात युद्ध सुरू होऊन अमेरिकी सैन्याकडून ट्रकच्या ऑर्डरी आल्या, हा नशिबाचा भाग. किइचिरो परत येण्याचं ठरत असतानाच 1952 मध्ये वारले.

त्या भांडणानंतर जी समजूत हळूहळू रुजली ती अशी: उरलेल्या कायम कामगारांची नोकरी कंपनी सांभाळेल आणि कामगार उत्पादन वाढवायला साथ देतील. 1962 मध्ये कंपनी आणि युनियननं परस्परविश्वासाचं संयुक्त निवेदन काढलं. म्हणजे टोयोटातला कामगार ‘हे काम सहा जणांऐवजी पाच जणांत होईल’ असं सांगत होता, तेव्हा सहावा माणूस घरी जाणार नाही हे त्याला माहीत होतं. सूचनापेटीची पद्धत अमेरिकेतून आली; तिच्यात चिठ्ठी टाकायचं धैर्य 1950 च्या जखमेतून आलं.

हे सगळं शॉपवर बसवणारा माणूस तायइची ओनो. तो मूळचा मोटारींचा नव्हेच. 1932 साली टोयोडांच्या कापड गिरणीत लागला आणि 1943 मध्ये मोटार कंपनीत आला. गिरणीत त्याने साकिची टोयोडांचे माग पाहिले होते. धागा तुटला की ते आपोआप थांबायचे, त्यामुळे प्रत्येक मागापाशी एक माणूस उभा ठेवायची गरज नसे. एकच जण अनेक माग बघायचा. मोटारींच्या मशीन शॉपमध्ये मात्र एका मशीनपाशी एक कारागीर, अशी रीत होती. 1947 च्या सुमाराला ओनोने मशीनं एल आकारात किंवा समोरासमोर लावून एका माणसाला दोन, मग तीन-चार मशीनं द्यायला सुरुवात केली. कारागीर चिडले. त्याने स्वतःच नंतर या विरोधाबद्दल लिहून ठेवलं आहे.

एका माणसाकडे दोनऐवजी तीन. हे वाचताना मी पुस्तक मिटलं, कारण ही तक्रार मी आमच्या घरात ऐकलेली होती.

*

माझे पणजोबा परळच्या एका गिरणीत विणकर होते. घरात मागाला कोणी माग म्हणत नसे, साचा म्हणत. आजीकडून ऐकलेलं वाक्य असं, की “दोन साच्यांवर पोट भरत होतं, तिसरा द्यायला निघाले म्हणून सगळे खाली उतरले.” खाली उतरले म्हणजे संपावर गेले. हे 1928.

पहिल्या महायुद्धातली तेजी ओसरून मुंबईच्या गिरण्या अडचणीत होत्या. जपानी कापड स्वस्त पडत होतं, आणि ते विणणाऱ्या गिरण्यांत एका माणसाकडे मुंबईपेक्षा जास्त माग असायचे. मालकांनी उपाय काढला. त्याला इंग्रजीत ‘रॅशनलायझेशन’ किंवा ‘एफिशियन्सी स्कीम’ म्हणत. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे, सूत कातणाऱ्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. ससून गटाच्या गिरण्यांनी यात पुढाकार घेतला. कच्चा माल सुधारू, जादा माग चालवणाऱ्याची कमाई वाढेल, असं मालकांचं म्हणणं. कामगारांचा हिशेब साधा होता. दोन माणसांचं काम एक करणार असेल तर दुसरा कोकणात परत जाणार.

एप्रिल 1928 मध्ये संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या साथीदारांची गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा कुठे भोंगे पुन्हा वाजले. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला आणि तो फसला.

माझ्यासारख्या इंजिनिअरला या गोष्टीत बाजू घेणं अवघड जातं, हे कबूल करतो. तीन माग चालवणं अशक्य नव्हतं. चांगलं सूत, वेळेवर मिळणारी कांडी, नीट देखभाल असेल तर धागा कमी तुटतो, आणि धागा कमी तुटला की विणकराची धावपळ कमी होते. हेच तर कायझेन. पण ते कोणी विणकराबरोबर बसून केलं नाही. योजना वरून आली आणि शेवटचा रकाना आधी भरलेला होता.

त्याच संपातली आणखी एक गोष्ट. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसायचा. कारण असं दिलं जाई, की धोट्यात नवी कांडी बसवताना धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागतं आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या हातात जातो. विणकामात मजुरी जास्त मिळायची, म्हणजे बंदी नेमकी बऱ्या पगारावर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं, की तुमच्या मागण्यांत ही बंदी उठवण्याची मागणी का नाही? त्यांनी आग्रह धरला तेव्हा ती नाइलाजाने घातली गेली. एका माणसाला दोन साचे की तीन, यावर सहा महिने लढणाऱ्यांना साच्यापर्यंत पोचूच न दिलेला माणूस दिसत नव्हता.

माझ्या टीममधले कायम कामगार कंपनीने दिलेले निळे टी-शर्ट घालून ग्रुप फोटोत उभे होते. कंत्राटी ताईंना टी-शर्ट नव्हता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुंबईचा इतिहास वाचून मोबाइलमधला फोटो पुन्हा उघडला तेव्हा दिसलं.

*

पाच दिवसांचा इव्हेंट मात्र बराच नंतरचा. 1970 च्या दशकात ओनोने टोयोटाला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचे अभ्यासगट केले होते. एका कंपनीचे लोक दुसरीच्या शॉपवर जाऊन थेट बदल करायचे आणि आपला कारखाना सुधारायला तिथून शिकून यायचे. टोयोटा गटातल्या कंपन्यांत ओनोच्या हाताखाली तयार झालेल्या काही जणांनी 1987 मध्ये ‘शिंगिजुत्सु’ नावाची सल्लागार कंपनी काढली. दरम्यान मासाआकी इमाई यांचं ‘कायझेन’ हे पुस्तक 1986 मध्ये इंग्रजीत आलं आणि शब्द जगभर गेला. इमाई तरुणपणी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, जपानी शिष्टमंडळांना अमेरिकन कारखाने दाखवत फिरायचे. तीस वर्षांनी ते अमेरिकनांना त्यांचीच विद्या सुधारून परत देत होते.

1988 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या जेकब्स या ट्रकचे इंजिन ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात शिंगिजुत्सुचे लोक आले. त्यांनी चर्चा न करता मशीनं तिथल्या तिथे हलवायला लावली, असं सांगतात. ‘पाच दिवस आणि एक रात्र’ असं त्यांच्या पद्धतीला नाव पडलं. मशीनं हलवायची तर ती रात्रीच हलतात, तीच ही रात्र. हा साचा अमेरिकन मॅनेजरांना फार आवडला, आणि का ते मला पक्कं ठाऊक आहे. सोमवारी सुरू, शुक्रवारी निकाल. बजेटमध्ये बसतो, फोटो निघतात. टोयोटात जे वर्षानुवर्षं चाललेलं होतं, त्याचा एक आठवडा झाला. आठवडा सहज उचलता येतो. त्याच्यामागचं नोकरीचं वचन उचलायला जड.

काहींनी तेही उचललं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना भांडणं, गैरहजेरी आणि वाईट मालासाठी बदनाम होता. तो 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो ‘नुमी’ या नावाने पुन्हा उघडला, बहुतेक जुन्याच कामगारांना आणि जुन्याच युनियनला घेऊन. करारात लिहून दिलं, की कंपनीच्या अस्तित्वावरच घाला आला नाही तर कोणाला काढणार नाही. 1988 मध्ये गाड्यांची विक्री पडली. नुमीने कोणाला घरी पाठवलं नाही. लोकांना प्रशिक्षणात आणि कायझेनच्या कामात गुंतवलं. त्यानंतर कामगारांचा विश्वास बसला, असं त्या काळाचा अभ्यास करणारे लिहितात. (2010 मध्ये नुमी बंद झाली. आज त्या जागेत टेस्लाच्या गाड्या बनतात.)

दुसरं उदाहरण वायरमोल्डचं. जेकब्समधला प्रयोग वरून पाहिलेले आर्ट बर्न 1991 मध्ये कनेक्टिकटमधल्याच या वायरिंगचं सामान बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी आधी जास्तीच्या लोकांना ऐच्छिक निवृत्ती देऊ केली आणि नंतर उरलेल्यांना सांगितलं, की कायझेनमुळे एकाचीही नोकरी जाणार नाही. मोकळी झालेली माणसं पुढच्या कायझेनवर लावली, बाहेर दिलेलं काम आत आणलं.

टोयोटाच्या लोकांकडून आलेला एक नियम इथे सांगण्यासारखा आहे. लाइनवरून एक माणूस मोकळा करायचा झाला तर सगळ्यात चांगला कामगार काढायचा. त्यामुळे मोकळं होणं ही शिक्षा ठरत नाही, आणि तोच पुढची लाइन सुधारतो. या नियमाने ताईंना लाइनवरून काढून कायझेन टीममध्ये घ्यायला हवं होतं. आमच्याकडे नियम सोपा होता: जो काढायला स्वस्त, तो बाहेर.

*

टोयोटाला देव्हाऱ्यात बसवण्याआधी दोन गोष्टी.

कामाता सातोशी हा पत्रकार 1972 मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून भरती झाला आणि सहा महिने लाइनवर काम करून आला. 1973 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ साधारण ‘मोटारींचा निराशेचा कारखाना’ असा होतो. लाइनचा वेग वाढत जातो, वाचलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्या कामाने भरला जातो, आणि नोकरीचं वचन आपल्यासारख्या हंगामी माणसाला नाही, हे त्याने रोजच्या डायरीसारखं नोंदवलं. 2008 च्या मंदीत टोयोटाने हजारो हंगामी कामगारांचे करार पुढे चालवले नाहीत. ताईंची जागा जपानमध्येही होती तर.

दुसरी गोष्ट वेळेची. 1962 पासून जपानमध्ये ‘क्वालिटी सर्कल’ची चळवळ पसरली. कामगारांनी गट करून आपल्या कामातले दोष शोधायचे, उपाय सुचवायचे. काओरू इशिकावा हे त्यामागचं मोठं नाव. भारतात ती 1980 च्या आसपास हैदराबादच्या भेलमध्ये आली, आणि 1982 मध्ये हैदराबादलाच क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. या गटांची मूळ कल्पना अशी, की ते स्वयंस्फूर्त असावेत. स्वयंस्फूर्त म्हणजे शिफ्ट संपल्यावर. म्हणजे बहुतेक वेळा फुकट.

फेब्रुवारी 2002 मध्ये टोयोटाच्या एका कारखान्यात दोषतपासणीचं काम करणारा तीस वर्षांचा कामगार पहाटे कामावरच कोसळला आणि गेला. घरी बायको आणि दोन लहान मुलं. शेवटच्या महिन्यात त्याने किती जादा काम केलं, यावर वाद झाला. श्रमखात्याच्या कार्यालयाने क्वालिटी सर्कलच्या बैठका, सूचनांचे कागद, सुरक्षा समितीची कामं हे सगळं ‘काम’ धरायला नकार दिला, आणि नुकसानभरपाईही नाकारली. त्याची बायको कोर्टात गेली. नोव्हेंबर 2007 मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला, की ही सगळी कामं कंपनीच्या फायद्याची होती, म्हणून ते कामच. आणि शंभराहून जास्त तासांच्या जादा कामाचा त्याच्या मृत्यूशी संबंध आहे. सरकारने अपील केलं नाही. पुढच्या वर्षी टोयोटाने जाहीर केलं, की क्वालिटी सर्कलच्या सगळ्या तासांचा ओव्हरटाइम देऊ. तोपर्यंत महिन्याला दोनच तास मोजले जात.

1951 ची सूचनापेटी ते 2008 चा ओव्हरटाइम. सुधारणेचा विचार करणं हेसुद्धा काम आहे, एवढं मान्य व्हायला जगातल्या सगळ्यात शहाण्या म्हणवल्या जाणाऱ्या कारखान्यात सत्तावन्न वर्षं गेली. आणि ते मान्य करून घेतलं एका विधवेनं.

*

मग आपल्याकडे कोणी काही ठरवलं होतं का? ठरवलं होतं, आणि हे मला कुठल्याही कोर्समध्ये कोणी सांगितलं नाही.

जुलै 1957 मध्ये दिल्लीत भारतीय श्रम परिषदेचं पंधरावं अधिवेशन भरलं. सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघं एका टेबलाशी. तिथे रॅशनलायझेशनबद्दल एक नमुना करार मान्य झाला. त्यातला गाभा तीन गोष्टींचा. आहे त्या कामगारांपैकी कोणाला काढायचं नाही, कोणाची कमाई घटू द्यायची नाही. झालेल्या फायद्याची मालक, कामगार आणि समाज यांच्यात न्याय्य वाटणी करायची. आणि कोणावर किती कामाचा बोजा, हे दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांकडून ठरवून घ्यायचं. 1928 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर ज्याचं उत्तर मिळालं नव्हतं, ते एकोणतीस वर्षांनी दिल्लीत कागदावर आलं. आर्ट बर्नच्या वचनाच्या चौतीस वर्षं आधी.

पण तो होता नमुना, कायदा नव्हे. परळच्या गिरण्यांचं पुढे काय झालं ते तिथल्या मॉलमध्ये फिरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि ‘आहे त्या कामगारांपैकी’ या शब्दांत आज कोण बसतं? माझ्या त्या लाइनवर सातपैकी पाच जण कंत्राटी होते. कागदोपत्री ते त्या कारखान्याचे कामगारच नव्हते.

मी ती नोकरी वर्षभराने सोडली. रागाने नाही, दुसरीकडे बरा पगार मिळाला. आता मी स्वतंत्रपणे छोट्या कारखान्यांत इव्हेंट घेतो, कारण मला तेच येतं आणि अजूनही मनापासून आवडतं. बुधवारी मशीनं हलतात आणि वीस वर्षं एका जागेवर उभा राहिलेला माणूस म्हणतो, “हे मी कधीचं सांगत होतो,” तेव्हा मला दुसरं काही नको असतं. फक्त आता पहिल्या मीटिंगमध्ये मी एक पानभर कागद ठेवतो. या कामातून मोकळी झालेली माणसं, कायम असोत की कंत्राटी, कमी केली जाणार नाहीत. आणि इव्हेंटचे सगळे तास पगारी असतील. आतापर्यंत चार मालकांनी सही केली. दोघांनी चहा पाजून वाटेला लावलं. सही करणाऱ्यांपैकी एकाकडे आठ महिन्यांनी ऑर्डर घटल्या आणि कंत्राटी माणसं गेलीच. त्याचं म्हणणं, हे कायझेनमुळे नाही, मंदीमुळे. माझ्या कागदात मंदीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

ताईंचा नंबर मला बऱ्याच उशिरा, त्याच लाइनवरच्या एका मुलाकडून मिळाला. फोन करायला आणखी काही आठवडे लावले. त्या आता महाळुंग्याकडे दुसऱ्या कारखान्यात आहेत, पुन्हा कंत्राटावरच. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते धड बोलता आलं नाही. त्यांनीच विषय बदलला. तिथेही जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, भिंतीवर तेच बोर्ड लावलेत, म्हणाल्या. मग विचारलं, “सर, तो ट्रे अजून डावीकडंच आहे का?”

मला माहीत होतं. त्या मुलाने सांगितलं होतं.

“डावीकडंच आहे,” मी म्हणालो.